कंपनी फिटेड टेप फेकू नका!
परवा बाबांच्या जुन्या गाडीतून बीडहून पालीला, बिंदुसरा धरणाकडे निघालो. टेप गप्प. मित्र लगेच, "अरे, हा डबा काढ, टचस्क्रीन बसव!"

का म्हणून? अशा टेपमधला रबरी बेल्ट सैल पडतो किंवा चिकट होतो, नाहीतर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात. दोन्ही बदलता येतात राव! जुना रेडिओ मेकॅनिक हे सहज करतो. स्क्रीनवाला मात्र आधी कंपनीची वायरिंग कापतो.

मोबाइलची गाणी हवीत? वायरवाली अडॅप्टर कॅसेट घाला. ती टेपच्या हेडला चुंबकीय सिग्नल देते.

अपडेट थांबलेली स्क्रीन म्हणजे प्रगती, आणि वीस वर्षं वाजलेला टेप भंगार? इंजिनिअर म्हणवतो ना आपण? मग आधी स्क्रू उघडा, पाकीट नंतर!