नाव स्टिकरने, नंबर ब्रशने!

जून-जुलैत वर्सोवा कोळीवाड्याला एक चक्कर मारा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या, आणि नारळी पौर्णिमेआधी रंगरंगोटीची घाई. पूर्वी नाळेवरचं नाव पेंटर ब्रशने काढायचा. आता कॉम्प्युटरने कापलेले विनाइलचे स्टिकरही दिसतात. दिसायला झकास! पण टिकतात किती?

उत्तर पीव्हीसीत आहे. (मटेरियल सायन्सचा पेपर कुठेतरी उपयोगी पडला म्हणायचा.) स्वस्त विनाइल रोलरमध्ये दाबून, ताणून बनवतात. उन्हात त्यातला प्लॅस्टिसायझर निघून जातो, ते आक्रसतं आणि कडा उचलतात. आयुष्य दोन-तीन वर्षं. कास्ट विनाइल ओतून बनवतात, त्यात ताण नसतो, म्हणून ते सात वर्षंही काढतं. पण हे आकडे उभ्या पृष्ठभागाचे. केबिनच्या टपावर ऊन थेट डोक्यावर, तिथे निम्मेच धरा. शिवाय बंदरात होड्या एकमेकींना खेटून उभ्या, दोर घासणार, बर्फाच्या पेट्या आपटणार. कॅटलॉगवाल्याने हे थोडंच मोजलंय?

खरी गोची तर लावतानाच होते. ताज्या ऑइलपेंटवर दुसऱ्याच दिवशी स्टिकर चिकटवला की रंगातली वाफ खाली अडकते आणि फुगे येतात. रंग दोन-तीन आठवडे नीट सुकू द्यावा, मग पुसून, कोरडं करून स्टिकर लावावा. पुढची काळजी सोपी आहे. गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, मऊ फडकं वापरायचं. थिनर, रॉकेल, तारेचा ब्रश बंद. प्रेशर पंपाची धार कडेवर मारायची नाही.

नाव उडालं तर उडू दे, गावाला होडी माहीत असते. नंबरचं तसं नाही. 26 नोव्हेंबर 2008 ला अतिरेकी पोरबंदरची 'कुबेर' ताब्यात घेऊन मुंबईजवळ आले. तेव्हापासून कुठली होडी कोणाची, हा प्रश्न चेष्टेचा राहिलेला नाही. 8 ची डावी बाजू सोलली की 3 होतो! मग तपासणीत खलाशी ताटकळत बसणार. आणि वादळात शोधायला निघालेल्यालाही तोच नंबर वाचायचा असतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: नाव, फुलं, वाघ खुशाल स्टिकरने लावा, नंबर मात्र ब्रशनेच आणि दरवर्षी. रंग फिका पडतो, पण अख्खा आकडा एका रात्रीत गळून पडत नाही. कुठे खरवडला तर खलाशी स्वतःच डबा-ब्रश घेऊन दुरुस्त करतो. स्टिकरसाठी पुन्हा अंधेरी स्टेशनजवळचं दुकान गाठावं लागतं, आणि तोपर्यंत होडी दर्यात गेलेली असते.