सव्वा दहा आणि पावणेदोन

संपादकमहाशयांचे पत्र भाद्रपदातच आले. "यंदा आपल्या सदरात एखाद्या सरोवरकाठच्या नगरीचे नौकेतून घेतलेले दर्शन येऊ द्या. वाचक घरबसल्या हिंडून येतील." पत्र वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले. उदयपूरचा पिछोला, श्रीनगरचे दल सरोवर ही नावे मलाही ठाऊक आहेत. पण त्यांची माझी गाठ आजवर कॅलेंडरावरच पडली आहे. शिवाय मी पडलो अणदूरचा. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या भागात बोट म्हटले की हाताचे बोट आठवते, आणि होडी म्हटले की पोराच्या वहीतले फाडलेले पान.

"हे आमच्याच्याने होणे नाही" असे उत्तर लिहावयास बसलो, तो सौ.नी खांद्यावरून पत्र वाचले.

"आबांना घेऊन नळदुर्गला गेला होतात ते विसरलात वाटते? चिंब भिजून आलात, तीन दिवस शिंकत होतात. ते काय टांग्यातून गेला होतात?"

बायकोची स्मरणशक्ती ही लेखकाची मोठी ठेव असते. मात्र तिचे व्याज लेखकालाच भरावे लागते. असो. तर ती हकिगत ऐका.

लातूरला २०१६ साली आगगाडीने पाणी आणावे लागले होते, ते वाचकांना आठवत असेल. त्यानंतर दोनेक पावसाळे गेले असतील. मी पुण्यास नोकरीला. आबा, म्हणजे माझे वडील, अणदूरला एकटे. आई जाऊन वर्ष होत आले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस पहाटे उठून एकटाच चूल पेटवतो, या विचाराने मला पुण्यात झोप येत नसे. आबांनी घराला कुलूप लावून कायमचे आमच्याकडे यावे, असा माझा हट्ट. आबा हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. त्या वर्षी मी रजा घेऊन गेलो तो त्यांना घेऊनच परतायचे, असे ठरवून. चार दिवस मी एकच टुमणे लावले. पाचव्या दिवशी सकाळी आबा म्हणाले, "येतो. पण आधी नळदुर्गचं पाणी दाव मला. बोटीतनं."

"बोटीतनं?"

"जल्मभर त्याच रस्त्यानं गेलो. बाजाराला गेलो, कचेरीला गेलो, तुझ्या आईला घेऊन सोलापूरच्या दवाखान्याला गेलो. उतरून निवांत बघितलं न्हाई कधी."

नळदुर्ग आमच्यापासून एस.टी.ने पाव तासाचे. आम्ही निघालो. खंडोबाच्या देवळाच्या दिशेला आबांनी सवयीने हात जोडले. बाहेरच्या वाचकांसाठी येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. आमचा खंडोबा दोन गावांचा आहे. वर्षातले सव्वा दहा महिने तो अणदूरला राहतो, आणि उरलेले पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात. मार्गशीर्षाच्या सुमारास देव वाजतगाजत तिकडे जातो, पौष पौर्णिमेची मोठी यात्रा तिथे भरते, आणि मुदत सरली की देव परत येतो. या देण्याघेण्याचा दोन्ही गावांच्या मानकऱ्यांत रीतसर करार होतो, तोही लेखी. देव झाला म्हणून काय झाले, व्यवहार चोख हवा.

मी मोबाईल काढून हवामान पाहिले. त्यात गोल, पिवळा, हसरा सूर्य होता. आबांनी खिडकीतून आभाळाकडे पाहिले. "हस्त लागलाय. दुपार उलटू दे, मग बघ."

आमच्याकडच्या पावसाची ही तऱ्हा जुनीच आहे. कोकणावर कोसळणारे ढग सह्याद्री ओलांडेपर्यंत रिते होतात. आमच्या वाट्याला येतो तो झिरपून उरलेला. आमचे तलाव भरतात ते बहुधा परतीच्या पावसाने किंवा बंगालच्या उपसागरावरून आलेल्या एखाद्या वादळी फेरीने. सकाळी चटका देणारे ऊन, दुपारी घुसमट, आणि चारच्या सुमारास विजांसह असा काही लोट की नाल्याला नदीचे सोंग घ्यावे लागते. येईल तर याच दिवसांत, नाहीतर वर्षभर नाही.

नळदुर्ग हे आज तालुक्यातले एक गाव असले तरी एके काळी ते मोठे नगर होते. नळराजाची दंतकथा बाजूला ठेवली तरी बहामनी, आदिलशाही, १६८६ पासून मोगल आणि पुढे निजाम, असे धनी या किल्ल्याने पाहिले. १८५३ साली निजामाने हा मुलूख कंपनीला लावून दिला, तेव्हा ठगांवरच्या कादंबरीने गाजलेला कर्नल मेडोज टेलर येथून कारभार पाहत असे. १८६० साली मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. जिल्हा मात्र पुढेही चाळीस वर्षांवर नळदुर्गचाच म्हणून ओळखला जाई. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरले, तेव्हा पहिली झुंज येथेच झाली आणि बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधीच सैन्याने तो हाती घेतला. आबा तेव्हा अंगणात रांगत होते.

किल्ल्यात तिकिटे काढली. होडीवाला पोरगा विशीतला. त्याने आबांच्या अंगात नारिंगी जाकीट चढवले.

"ही कशाची कोपरी रं?" आबांनी विचारले.

"पडलात तर तरंगायची, मामा."

"मी बुडायच्या वयाचा हाय व्हय? आता तरंगायचंच वय."

होडी सुटली. आबांनी पहिल्यांदा दोन्ही हातांनी फळी धरली, मग एका हाताने, आणि थोड्या वेळाने एक हात पाण्यात सोडला. मी त्यांच्याकडे बघत होतो, तटाकडे नंतर पाहिले. पाहिले आणि चकित झालो. रस्त्यावरून किल्ला पाहिला की तो माणसांना अडवण्यासाठी बांधला असे वाटते. पाण्यातून पाहिला की कळते, बांधणाऱ्याचे अर्धे लक्ष पाण्याकडे होते. काळ्या दगडाचा तट नदीच्या वळणाने वळतो. वर उपळी बुरूज मान उंचावून उभा असतो. पलीकडे रणमंडळाचा वेगळा कोट. आणि दोघांच्या मध्ये बोरी नदी अडवून धरणारा तो प्रसिद्ध बंधारा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली मीर इमादीनने तो पुरा केला. त्याच्या पोटातच पाणी महाल आहे.

"चारशे वर्षं झाली," मी आबांना म्हणालो, "अजून ढळला नाही."

"ढळेल कसा?" होडीवाला म्हणाला. "जादा पाण्याला जायला दोन वाटा ठेवल्यात. एक नर, एक मादी. भरलं की तिथनं उड्या मारतं. नुसतंच अडवलं असतं तर पहिल्याच पुरात फुटला असता."

आबा काही बोलले नाहीत. पाण्यात सोडलेला हात त्यांनी वर घेतला आणि ओल्या हातानेच तोंडावरून फिरवला.

तेवढ्यात वारा पडला. पाण्याचा रंग शिशासारखा झाला आणि तुळजापूरच्या बाजूने आभाळ गुरगुरले. मोबाईलमधला सूर्य अजून हसतच होता. पोराने होडी वळवली.

"अजून रणमंडळाकडं जायचं ऱ्हायलं की," आबा म्हणाले.

"वीज हाय मामा. पाण्यात थांबायचं न्हाई."

"मला काय हुतंय? ने तू."

माझा तोल सुटला. चार दिवसांचे साचलेले बाहेर पडले. "आबा, हट्ट पुरे! इथेही हट्ट, घरीही हट्ट! उद्या तुम्हाला काही झाले तर मला फोन कोण करणार? शेजारी?"

होडीत तिघेच, तरी भर बाजारात बोलल्यासारखे झाले. पोरगा खाली मान घालून होडी हाकत राहिला. काठाला लागेपर्यंत पावसाने गाठलेच. आबांना धरून मी बंधाऱ्यावरून धावत नेले आणि पायऱ्या उतरून आम्ही पाणी महालात शिरलो.

आत कोरडे होते. वर पाऊस कोसळत होता, पाठीशी दगडापलीकडे अख्खी नदी उभी होती, आणि आम्ही दोघे बापलेक गवाक्षाशी निथळत उभे होतो. नर-मादी वाहत असताना येथे बसले तर पाण्याचा पडदा समोर कोसळताना दिसतो आणि अंगावर थेंब येत नाही, असे सांगतात. त्या दिवशी ते वाहत नव्हते, नुसता पाऊस होता.

आबांनी पागोटे पिळले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बहात्तरला आपण घराला कुलूप घातलं हुतं. तू पाळण्यात हुतास. तू आन् तुझी आई तिच्या माहेरी, आन् मी दुष्काळी कामावर, खडी फोडायला. सुकडी मिळायची, ती खाऊन दिवस काढले. दीड वर्सानं परत आलो तर कुलूप गंजलेलं. किल्ली फिरंना. सगळं गाव बघतंय आन् मी माझंच दार दगडानं फोडतोय. तुझी आई म्हणली, आता ह्या दाराला कुलूप नगं. तवापासनं कडी हाय, कुलूप न्हाई."

१९७२ च्या दुष्काळाबद्दल मी भाषणे ऐकली होती, एकदा या सदरातही लिहिले होते. आमच्या दाराला कुलूप का नाही, हे मात्र पंचेचाळीस वर्षांत मी कधी विचारले नव्हते. मला वाटे, आबांचा विसराळूपणा.

पाऊस अर्ध्या तासात थांबला. पश्चिमेला लख्ख ऊन पडले आणि पाणी जणू काही झालेच नाही असे चमकू लागले. वर आल्यावर आबा बंधाऱ्यावर थांबले, नर-मादीच्या वाटा त्यांनी नीट पाहून घेतल्या.

"तुझं बी खोटं न्हाई," ते म्हणाले. "एकट्याचं आता अवघड हाय. पर समदं अडवू नगंस. मी असं करतो. देव नळदुर्गला निघाला की मी पुण्याला निघतो. देव परतला की मी परततो. सव्वा दहा महिने अणदूर, पावणेदोन पुणं. देवाला चालतंय तर मला का चालू नये?"

"आणि सव्वा दहा महिने मी काळजी करत बसू?"

"ते तुझं तू बघ. फोन लावत जा. मी उचलीन."

हे शेवटचे मोठेच आश्वासन होते, कारण तोवर आबा फोन उचलतच नसत. घरी आल्यावर त्यांनी मला कागद घ्यायला लावला. अटी तीन: कुलूप लागणार नाही, शेजारच्या मुलाने रोज सकाळी डोकावून जायचे, त्याचे मी बघायचे, आणि रोज संध्याकाळचा फोन चुकायचा नाही. आबांनी सही केली, मी केली. साक्षीदार म्हणून शेजारच्या मुलाने केली, आणि पुन्हा एकदा शिंकून मी कागद थोडा ओला केला.

त्याला आता बरीच वर्षे झाली. करार मोडलेला नाही. मधल्या काळात कधी पावसाने दगा दिला, कधी नको तेवढा देऊन शेते धुऊन नेली. २०२५ च्या सप्टेंबरात आमच्या जिल्ह्याने तेही पाहिले. त्या दिवसांत रोज संध्याकाळी फोन उचलला जाईपर्यंत माझा घास घशाखाली उतरत नसे. तो दरवेळी उचलला गेला.

तर संपादकमहाशय, नौकाविहार एवढाच. पिछोला राहिला. दिवाळी सरली की आमच्या देवाची निघायची वेळ जवळ येईल. सौ.नी आबांची खाट आजच उन्हात काढली आहे, आणि पावणेदोन महिने पुरेल इतकी ज्वारी ते आपली आपणच घेऊन येतात, हे माहीत असूनही मी बाजारातून पाच किलो आणून ठेवली आहे.