शाळा पाहायला जाल तेव्हा

मे महिना लागला की घरोघरच्या अम्मींचा एक सवाल ठरलेला असतो, "आपा, मुलीला पहिलीत घालायचंय. उर्दू शाळेत घालू की मराठी?" खेड्यापाड्यांत पुष्कळ ठिकाणी जिल्हा परिषदेच्या या दोन्ही शाळा हाकेच्या अंतरावर असतात. दोन्ही मोफत. दोन्हीकडे बालभारतीची पुस्तके आणि दुपारचा पोषण आहार. मग निवड होते ती इमारतीचा रंग आणि शेजारणीचे मत यांवर. मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. थोडी तपासणी करूनच ठरवा.

सर्वांत आधी शिक्षक पाहा. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे पाचवीपर्यंतच्या शाळेत 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 61 ते 90 मुलांना 3 आणि 91 ते 120 मुलांना 4 शिक्षक हवेत. पण नुसता भागाकार करून थांबू नका. समजा, उर्दू शाळेत चौथीपर्यंत 24 मुले आणि 2 शिक्षक आहेत, तर मराठी शाळेत 112 मुले आणि 4 शिक्षक. पहिल्या शाळेत एका शिक्षकामागे 12 मुले, दुसरीत 28. कागदावर उर्दू शाळा सरस. प्रत्यक्षात तिथे एकेक शिक्षक दोन-दोन वर्ग सांभाळतो आणि एकजण रजेवर गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. उलट, दोन वर्ग एकत्र चालवण्याची हातोटी असलेला शिक्षक असेल, तर 12 मुलांतले एकही मूल त्याच्या नजरेतून सुटत नाही. म्हणून मुख्याध्यापकांना तीन गोष्टी विचारा : मंजूर पदे किती, भरलेली किती आणि आज शाळेत हजर किती?

दुसरी तपासणी मुलांची. 'प्रथम' संस्था 2005 पासून 'असर' पाहणीत गावोगाव जे करते, ते तुम्हीही करू शकता. तिसरी-चौथीच्या दोन-तीन मुलांना दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला द्या. 52 मधून 27 वजा करायला सांगा. हुशार म्हणून पुढे केलेली मुले घेऊ नका, मागच्या रांगेतली घ्या. ती अडखळत का होईना वाचत असतील, तर त्या शाळेत काम होते आहे. वह्याही चाळा. शिक्षकाची सही प्रत्येक पानावर असते. चूक कुठे झाली ते मुलाला दाखवले आहे का, हे पाहा.

तिसरी गोष्ट भाषेची. उर्दू आपली म्हणून घरात उर्दूच बोलतात असे नाही. कोकणात अनेक घरांत कोकणी, घाटावर आणि मराठवाड्यात दखनी, तर काही घरांत चक्क मराठी. मूल जी भाषा ऐकत वाढले, तिच्या जवळच्या माध्यमात ते लवकर वाचू लागते. माध्यम उर्दू असले तरी मराठी सुटत नाही. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची आहे आणि इंग्रजी 2000 पासून पहिलीपासून शिकवली जाते. फक्त हे विषय खरोखर शिकवले जातात की वेळापत्रकापुरतेच आहेत, ते विचारा. मराठी शाळेत घातलेत तर उर्दूची अलिफ-बे घरी शिकवायची जबाबदारी तुमची.

चौथी गोष्ट बहुतेकजण विसरतात. ही शाळा संपल्यावर पुढे काय? चौथी किंवा सातवीनंतर त्या माध्यमाची शाळा पाच-सात किलोमीटरवर असेल, तर मुलगा सायकलने जातो आणि मुलगी घरी बसते. हे आपल्या वस्त्यांतले कडवे सत्य आहे. दाखला घेण्याआधीच पुढची शाळा, रस्ता आणि एसटीची वेळ पाहून ठेवा. ग्रामीण मुलींना पाचवी ते बारावी एसटीचा पास मोफत मिळतो, हेही लक्षात असू द्या. शाळेत मुलींसाठी वेगळे, पाणी असलेले, कुलूप नसलेले स्वच्छतागृह आहे का, हे स्वतः जाऊन पाहा. मुलगी मोठी झाल्यावर शाळेत टिकते की नाही, हे त्यावरही ठरते.

शाळेत कमतरता दिसली तर लगेच नाव काढू नका. पट घटला की संचमान्यतेत शिक्षकाचे पद जाते, आणि मागे राहतात ती ज्यांना दुसरीकडे जाता येत नाही अशी गरिबांची मुले. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. बैठकीला जा, सही करण्याआधी ठराव वाचा, रिक्त पदाची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. दहा अम्मी एकत्र येऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटल्या, तर त्यांना टाळणे सोपे नसते.

एवढे करूनही शाळा सुधारत नसेल, तर दुसरी शाळा निवडण्यात काही गैर नाही. मुलीचे वर्ष वाया घालवून कोणत्याही भाषेची खिदमत होत नाही.