भास थांबले, मग तो खोलीबाहेर का येत नाही?

"आता बरा आहे हो. रात्रीचं ओरडणं थांबलं, गोळ्याही घेतो. पण पाहुणे आले की दार लावून बसतो. आळशी झालाय नुसता!"

स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाच्या घरी हे वाक्य हमखास ऐकू येतं. वाचकहो, यातला 'आळशी' हा शब्द किती चुकीचा आहे, ते प्रयोगशाळेतल्या माकडांकडे पाहिलं की कळतं.

अॅम्फेटामीन हे उत्तेजक द्रव्य झोप उडवतं आणि मेंदूतलं डोपामीन वाढवतं. माणसाने ते फार घेतलं तर संशय आणि भास सुरू होतात. फिलिप कॉनेल या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी १९५८ मध्ये अशा रुग्णांवर पुस्तकच लिहिलं. त्याच वर्षी बेल्जियममध्ये पॉल यान्सन यांच्या प्रयोगशाळेत हॅलोपेरिडॉल तयार झालं. अॅम्फेटामीनने चेकाळलेले प्राणी या औषधाने शांत होतात, हे तिथे दिसलं.

आता माकडं. अॅम्फेटामीन दिलेलं माकड एकच हालचाल पुन्हा पुन्हा करतं, सारखं इकडेतिकडे बघतं. आणि कळपापासून तुटतं. दुसऱ्याजवळ बसणं नाही, एकमेकांचे केस चाचपणं नाही. हॅलोपेरिडॉलसारखी जुनी औषधं दिली की चाळवाचाळव थांबते. पण बऱ्याच प्रयोगांत माकड कळपात परत गेलं नाही. शांत झालं आणि एकटंच बसून राहिलं. डोस आणखी वाढवला तर उलट सुस्तच होतं.

अर्थात पिंजऱ्यातल्या, सुई टोचलेल्या माकडाला माणसाचा आजार झाला असं कुणी म्हणू नये. त्याला एकटं बसावंसं वाटायला इतरही कारणं असतील! पण एक गोष्ट दिसते: धुमाकूळ थांबवणं वेगळं आणि माणसांत परत येणं वेगळं. पहिलं काम ही औषधं चांगलं करतात, दुसऱ्यात बरीच कमी पडतात.

म्हणून डॉक्टरांना फक्त "भास नाहीत" एवढंच सांगून उठू नका. तो दिवसात किती बोलतो, अंघोळीला स्वतःहून जातो का, चालताना अंग ताठ वाटतं का, उदास दिसतो का, हेही सांगा. गप्प राहणं आजारामुळे असेल, औषधाच्या दुष्परिणामामुळे असेल किंवा नैराश्यामुळे. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका आणि वाढवूही नका. बंद केल्या तर आजार उलटू शकतो. जवळ डॉक्टर नसतील तर सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत बोलते.

घरी रोज एक छोटं काम त्याच्याबरोबर करा. शेंगा सोलायला बसवा. दहा मिनिटांत उठून गेला तरी चालेल, उद्या पुन्हा बोलवा.