तज्ज्ञांची नवी भिक्षुकी आणि धसईची रयत

विद्यापीठांतले पंडित, वर्तमानपत्रकर्ते आणि सरकारांतले धोरणकर्ते या तिघांची गांठ घालून दिली म्हणजे लोकांतली चर्चा शहाणी होईल, अशी एक कल्पना हल्लीं सुशिक्षित मंडळींत फार बोलली जाते. लंडनांत २००२ सालीं शास्त्रज्ञ व बातमीदार यांची भेट घडवून देणारें एक केंद्र निघालें. ऑस्ट्रेलियांत २०११ सालीं 'द कॉन्व्हर्सेशन' निघालें. तेथें प्राध्यापकांनीं लिहावें, संपादकांनीं तें सोपें करावें आणि कोणाही पत्रानें तें फुकट छापावें, असा रिवाज आहे. कल्पना वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण या पंगतींत तीनच पाट मांडलेले दिसतात. ज्याच्या पोटापाण्याविषयीं ही चर्चा चालावयाची, त्या कुणब्याचा, ठाकराचा, कातकऱ्याचा पाट कोठें आहे? कीं त्यानें नेहमींप्रमाणें उष्टीं काढावयासच यावयाचें?

आमच्या मुरबाड तालुक्यांतील धसईची हकीकत वाचकांनीं आठवावी. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं पांचशें व हजाराच्या नोटा रद्द झाल्या. तेवीस दिवसांनीं, १ डिसेंबरला, तेव्हांचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनीं धसई हें राज्यांतील पहिलें रोकडरहित गांव म्हणून जाहीर केलें. सावरकर प्रतिष्ठानानें पुढाकार घेतला होता. बँक ऑफ बडोदानें दुकानदारांस कार्ड घासावयाचीं यंत्रें दिलीं होतीं. मुंबईहून बातमीदारांच्या गाड्या आल्या. वडापाववालाही आतां कार्ड घेतो, हें साऱ्या देशाला कळलें. तेवीस दिवसांत गांवाची आर्थिक क्रांति! आमच्याकडे भाताचें रोप लावणीला येण्यासही तितके दिवस लागतात.

धसई ही नुसती वस्ती नव्हे, बाजारपेठ आहे. भोंवतालच्या वाड्यापाड्यांवरचा माणूस मीठमिरची, बीबियाणें, कपडालत्ता येथूनच नेतो. नोव्हेंबर म्हणजे भात झोडण्याचा व विकण्याचा हंगाम. भात निघालें कीं कातकरी कुटुंबें वीटभट्टीची उचल घेऊन, झोंपडी बंद करून, पोराबाळांसह निघतात. ती उचल रोख, मजुरी रोख, भाताचा पैसाही रोख. त्यांतच १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्याची मनाई झाली. म्हणजे शेतकऱ्याचें खातें ज्या बँकेंत, तिचेंच दार लागलें. अशा वेळीं चार प्रश्न कोणींतरी विचारावयास हवे होते. खात्यांतच पैसा नसेल तर कार्ड घासून काय निघणार? यंत्राचें भाडें व दर व्यवहारामागें बँकेची कापणी कोणी सोसावयाची? तार तुटली, वीज गेली, तर उभें राहिलेलें गिऱ्हाईक परत लावावयाचें काय? आणि जमिनीवर गोणपाट टाकून रानभाजी विकणारी ठाकरीण या क्रांतींत आहे कीं नाहीं? हे प्रश्न सुचावयास विलायतेची पदवी लागत नाहीं. तरी त्या आठवड्यांत ते छापून येण्याऐवजीं यंत्रांचीं छायाचित्रें छापून आलीं. पुढें रोकड धसईंत परत आली, यंत्रें बाजूला पडलीं, हेंही बातमीदारांनींच येऊन लिहिलें. तेव्हां मात्र मंडप नव्हता. आज फोनवरून पैसे देण्याची सोय साऱ्या बाजारांत झाली आहे खरी. पण ती कोणाच्या घोषणेनें झाली नाहीं. हातांत फोन आणि डोंगरावर मनोरा आला तेव्हां झाली.

कोणी म्हणेल, त्या वेळीं तज्ज्ञ मिळाले नाहींत. तेंही खरें नव्हे. त्याच ८ नोव्हेंबरच्या संध्याकाळीं रिझर्व्ह बँकेच्या मध्यवर्ती मंडळाची सभा झाली. काळा पैसा बहुतेक रोख रकमेंत नसून सोनें व जमीनजुमला यांत असतो, असें त्या सभेच्या इतिवृत्तांत नमूद आहे. तरीही मंडळानें मान डोलावली. हें इतिवृत्त रयतेला केव्हां दिसलें? २०१९ सालीं, माहितीच्या अधिकाराखालीं अर्ज गेला तेव्हां! माजी गव्हर्नर रघुराम राजन यांना सरकारनें फेब्रुवारी २०१६ मध्येंच मत विचारलें होतें आणि त्यांनीं प्रतिकूल मत तोंडीं दिलें होतें. तेंही आपणांस २०१७ च्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकांतून कळलें. शेवटीं २०१८ च्या रिझर्व्ह बँकेच्या अहवालांत आलें कीं १५.४१ लाख कोटींपैकीं १५.३१ लाख कोटींच्या नोटा परत आल्या. म्हणजे ज्ञान होतें, पण तें कपाटांत होतें. उघड्यावर काय होतें? दूरचित्रवाणीवरचा आरडाओरडा. अर्थक्रांतीचे अनिल बोकील हे पेशानें अभियंते. त्यांना मत मांडण्याचा पूर्ण हक्क आहे, पण त्यांना अर्थशास्त्रज्ञ म्हणून पुढें करणारांनीं खऱ्या अर्थशास्त्रज्ञांना किती वेळ दिला, हें ज्यानें त्यानें आठवून पाहावें.

पूर्वीं पोथी संस्कृतांत होती, म्हणून भटजी सांगेल तें खरें. आतां अहवाल इंग्रजींत आहे, म्हणून पडद्यावरचा टायवाला सांगेल तें खरें. भिक्षुकी गेली नाहीं; तिनें धोतर बदललें.

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन दिलें, त्यांत याच रोगावर बोट ठेवलें होतें. वरच्या वर्गांना शिकवावें म्हणजे विद्या आपोआप खालीं झिरपेल, हा त्या काळच्या सरकारचा भरंवसा. सारा रयत भरते आणि त्या पैशावर विद्या मात्र वरचे वर्ग घेतात, असें जोतीरावांनीं तोंडावर सांगितलें. आज विद्यापीठांस अनुदान कोणाच्या करांतून जातें? धसईचा माणूस आगपेटीवरही कर देतो. तेव्हां प्राध्यापकानें मंत्र्याच्या कानांत बोलावें, मंत्र्यानें संपादकाच्या कानांत, आणि मग कधींतरी थेंबभर आमच्या ओंजळींत पडावा, ही तीच जुनी झिरपणी आहे. फरक एवढाच कीं आतां ती नव्या नांवानें चालते.

हें काम नीट होऊं शकतें याचे दाखले आपल्याच मुलखांत आहेत. डॉ. आंबेडकरांनीं रुपयाच्या प्रश्नावर लंडनांत प्रबंध लिहिला, तो १९२३ सालीं प्रसिद्ध झाला. १९२५ सालीं चलनाच्या शाही कमिशनपुढें त्यांनीं साक्ष दिली. आणि तेच गृहस्थ १९२० सालीं 'मूकनायक' व १९२७ सालीं 'बहिष्कृत भारत' मराठींत काढीत होते. पंडित, पत्रकर्ता व धोरणकर्ता एकाच अंगरख्यांत. मुकुंदराव पाटलांनीं 'दीनमित्र' चालविला तो नेवासें तालुक्यांतल्या तरवडी या खेड्यांतून. आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ विठ्ठलराव विखे पाटलांच्या मांडीला मांडी लावून बसले व प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष झाले. गाडगीळ जातीनें कोण हें आम्हांला ठाऊक आहे. आमचें भांडण जन्माशीं नाहीं, कुलूप लावण्याच्या वृत्तीशीं आहे. ज्यानें किल्ली आणून दिली त्याला आम्ही आपला म्हणूं.

आतां आमच्या धंद्यापुरतें बोलतों. शिरगणती आम्हीं करावयाची, मतदारयाद्या आम्हीं लिहावयाच्या, पटाचे व पोषण आहाराचे तक्ते आम्हीं भरावयाचे. तज्ज्ञांच्या चुलीला लांकडें आम्हीं घालतों. शिजलेलें मात्र आमच्या पानांत कधीं येत नाहीं. 'असर'चा अहवाल २००५ पासून निघतो. पांचवींतल्या कित्येक पोरांना दुसरींचें वाचतां येत नाहीं, हें त्यांतलें एकच वाक्य मथळ्याला चढतें. पाहणी खोटी असें आम्ही म्हणत नाहीं. पण एका मास्तरावर किती वर्ग आहेत, आईबाप भट्टीवर गेल्यावर पोर किती महिने गैरहजर असतें, हें विचारावयास मथळेवाल्यांपैकीं किती जण पाड्यावर चढले? सप्टेंबर २०२३ मध्यें वीसाहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार सरकारनें पुढें आणला. कागदावर तें किती नीटनेटकें! पण मुरबाड-शहापूरच्या डोंगरांत श्रावणांत ओहोळ भरला म्हणजे सात वर्षांची मुलगी तो कसा ओलांडील, याला कोणत्या तक्त्यांत रकाना आहे?

उलट २०२५ ची गोष्ट पाहा. पहिलीपासून हिंदी लादण्याचे सरकारी निर्णय एप्रिलांत व जूनांत निघाले. सरकारच्याच भाषा सल्लागार समितीनें विरोध कळविला. भाषेचे व बालशिक्षणाचे जाणकार मराठी पत्रांतून, मराठींतून, रोज लिहूं-बोलूं लागले. लहान मुलाला एकदम किती भाषा झेपतात हें चहाच्या टपरीवर लोक बोलूं लागले. २९ जूनला सरकारनें दोन्ही निर्णय मागें घेतले व डॉ. नरेंद्र जाधवांची समिती नेमली. राजकीय पक्षांच्या मोर्चाचा धाक होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ज्या प्रश्नाची पोथी मराठींत उघडली, त्याच प्रश्नावर सरकार मागें आलें, ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

म्हणून पंडितांची व पत्रकर्त्यांची गांठ घालूं पाहणारांस आमचें मागणें आहे. मुंबई विद्यापीठानें आपल्या अध्यापकांपैकीं मराठींत उत्तर देण्यास कोण तयार आहे याची यादी विषयवार छापावी, आणि ती मंत्रालयांत नव्हे, तालुक्याच्या बातमीदाराकडे पाठवावी; त्याला आज पाण्याविषयीं, खताविषयीं, बँकेविषयीं विचारावयास पुढाऱ्यावांचून माणूस नाहीं. गांवाची पाहणी झाली कीं तिचा निष्कर्ष त्याच गांवच्या ग्रामसभेंत मराठींत वाचून दाखवावा, मगच तो बाहेर छापावा. आणि गांवाला "पहिलें" म्हणून जाहीर करावयाचें असेल तर गांवकऱ्यांचे प्रश्न व त्यांचीं उत्तरें आधीं चावडीवर लावावीं. धसईच्या ग्रामसभेनें येत्या बैठकींतच असा ठराव करावा आणि त्याची एक प्रत विद्यापीठास व एक मुरबाडच्या प्रत्येक बातमीदारास पोंचती करावी.