‘आवश्यक’ वस्तूंचा जाच

नवी मोटार घेणाऱ्याला जी ‘एक्स-शोरूम’ किंमत सांगतात, त्या किमतीत मोटार घरी आल्याचं आमच्या नाशकात तरी कुणी ऐकलेलं नाही. लग्नाच्या बोलण्यांत ‘आम्हाला काही नको हो, फक्त मुलगी द्या’ म्हणणारे व्याही जसे हळूहळू मानपानावर येतात, तसंच हे. आठ लाखांवर सुरू झालेली बोलणी चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत साडेनऊला टेकतात.

सरकारचं मी एक वेळ समजू शकतो. आठ लाखांच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के, म्हणजे ८८ हजार रुपये कर. हिशेब सरळ आहे, आणि पेठ रोडवरचं आरटीओ त्या बदल्यात एमएच १५ चा नंबर तरी देतं. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं २०१८ पासून सक्तीचा झाला. आपण ज्याला धडकू त्याच्या बायकामुलांची ती सोय आहे, तक्रार नाही.

माझं भांडण त्याखालच्या ओळींशी आहे. पहिली ओळ ‘हँडलिंग चार्जेस’. म्हणजे काय हो, असं विचारलं की टायवाला तरुण मायेनं सांगतो, “काका, गाडी गोडाऊनमधून इथं आणावी लागते ना!” अरे बाबा, एक्स-शोरूम म्हणजे शोरूमच्या दारातली किंमत. दारापर्यंत आणण्याचा खर्च तिच्यात नसेल, तर ते दार कुणाचं? दुसरी ओळ विम्याची. विमा कुठल्याही कंपनीकडून घ्यायला आपण मोकळे आहोत, पण तसं म्हणताच त्याच तरुणाचा चेहरा सुतकी होतो. “मग डिस्काउंट जाईल, काका.” आणि लगेच सौ.कडे वळून, “काकू, दसऱ्यालाच डिलिव्हरी हवी ना?” झालं! मुहूर्ताची मान एकदा हातात सापडली की बाकीचं आपोआप होतं.

तिसरी ओळ ‘इसेन्शियल किट’ची. मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, स्टिअरिंगचा अंगरखा, अत्तराची बाटली आणि अख्ख्या गाडीला पांघरूण. मडफ्लॅपचं ठीक आहे, नाशिकचा पावसाळा पाहिलेला माणूस त्याला नावं ठेवणार नाही. पांघरूण मात्र पहिले आठ दिवस गाडीवर असतं आणि नंतर कायमचं माळ्यावर.

हा नुसता पैशांचा प्रश्न असता तर मी गप्प बसलो असतो. मध्यमवर्गीय माणसाला लुटून घ्यायची सवय असते. २०२५ च्या सप्टेंबरात छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यातलं थोडं अत्तरात गेलं असं म्हटलं असतं. पण यातल्या काही वस्तू जिवावर बेतणाऱ्या आहेत. कित्येक गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या कडेत शिवलेली असते. ती अपघातात शिवण फाडून बाहेर यायची. तिच्यावर जाडजूड रेक्झिन चढवलं तर ती यायची कुठून? मॅटवर आणखी एक मॅट टाकली की ती सरकून ॲक्सिलरेटरखाली जाते. मॅटच्याच भानगडीपायी टोयोटाला २००९ साली अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांसाठी रिकॉल काढावा लागला. पुढच्या लोखंडी क्रॅश गार्डवर कारवाई करा, असं केंद्रानं राज्यांना २०१७ मध्ये कळवलं. काळ्या फिल्मला सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्येच बंदी घातली. तरीही ॲक्सेसरीजवाला विचारतोच, “साहेब, काच किती काळी करू?”

आता खरोखर काय लागतं? टायरमधली हवा मोजायचं काही शे रुपयांचं गेज, प्रथमोपचाराची पेटी, परावर्तक त्रिकोण, जॅक आणि स्टेपनी. यातलं बरंचसं बहुतेक गाड्यांबरोबर येतंच, पण डिकी उघडून बघा. २०२० पासून नियमानं काही अटींवर स्टेपनीऐवजी पंक्चरचं किट चालतं. इगतपुरी किंवा सिन्नरहून समृद्धीवर चढून ताशी १२० नं नागपूरची वाट धरणाऱ्याला हे आधी कळलेलं बरं. तापलेल्या टायरला सीट कव्हरचा काही उपयोग नसतो.

तेव्हा बुकिंगचे पैसे देण्यापूर्वी कोटेशन छापील मागा, प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी. विम्याचा बाहेरचा आकडा खिशात ठेवा. मग त्या तरुणाचंच पेन मागून घ्या आणि नको त्या ओळींवर त्याच्यादेखत काट मारा. तो ‘मॅनेजरना विचारून येतो’ म्हणून आत जाईल. जाऊ द्या. चहा तोवर संपवू नका.