‘जमवून घे’ हा आधार नव्हे

कौटुंबिक छळ ओळखावा कसा आणि छळ सोसणाऱ्या स्त्रीला आधार द्यावा कसा, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मराठी समाजात बहुधा एकाच ठिकाणी, सासर-माहेरच्या वडीलधाऱ्यांच्या बैठकीत दिली जातात, आणि ती आधीच ठरलेली असतात. अंगावर वळ नसतील तर तो छळ नव्हे. घरची गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ नये. त्रास खरोखर असह्य असता तर ती इतकी वर्षे नांदली नसती. कायद्याकडे जाणाऱ्या बायका सासरच्यांना अडकवायलाच जातात. आणि फार झाले तर समुपदेशकाने दोघांना समोर बसवून समेट घडवावा. या पाच विधानांचे सार ‘जमवून घे’ एवढ्याच सल्ल्यात उतरते. सल्ला देणाऱ्यांचा हेतू पुष्कळदा चांगला असतो, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की पाचांपैकी एकही विधान तपासणीत टिकत नाही. छळाची कसोटी जखम नसून भीती आहे, आणि आधाराची कसोटी समेट नसून त्या स्त्रीची सुरक्षितता व तिचा निर्णयाधिकार आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पहिले विधान शारीरिक मारहाणीलाच छळ मानते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला, आणि त्याच्या तिसऱ्या कलमाने ही समजूत स्पष्टपणे नाकारली. तेथे हिंसाचाराचे चार प्रकार सांगितले आहेत. शारीरिक हिंसेत इजा करणे किंवा जीव धोक्यात घालणे येते. लैंगिक हिंसेत स्त्रीची अप्रतिष्ठा करणारे लैंगिक वर्तन येते. शाब्दिक व भावनिक हिंसेत अपमान, हिणवणे, मूल किंवा मुलगा न झाल्याबद्दलचे टोमणे आणि तिच्या जवळच्या माणसांना इजा करण्याच्या धमक्या येतात. आणि आर्थिक हिंसेत घरखर्चाला पैसे न देणे, स्त्रीधन विकणे, ज्या घरावर व वस्तूंवर तिचा हक्क आहे त्यांचा वापर बंद करणे हे सारे येते. यांतील लैंगिक हिंसेचा उल्लेख विशेष महत्त्वाचा आहे, कारण सज्ञान पत्नीवर पतीने केलेली बळजबरी भारतीय न्याय संहितेतही बलात्काराच्या व्याख्येबाहेर ठेवलेली असली, तरी २००५ च्या कायद्याखाली अशी स्त्री संरक्षणाचा आदेश मागू शकते.

तथापि ‘मग प्रत्येक भांडण छळच म्हणायचे काय’ ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर एकेका घटनेच्या तीव्रतेत सापडत नाही. समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ‘दडपशाहीतून नियंत्रण’ ही कल्पना मांडली. एका व्यक्तीने दुसरीचे पैसे, भेटीगाठी, कपडे, फोन, झोप आणि ये-जा यांवर हळूहळू ताबा मिळवून तिला शिक्षेच्या धाकात ठेवणे, असा तिचा आशय आहे. आणि इंग्लंड व वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने असे वर्तन स्वतंत्र गुन्हाही ठरले. या दृष्टीने पाहता भांडण आणि छळ यांतील भेद स्पष्ट होतो. भांडणात दोघांनाही बोलता येते, आणि बोलल्याची किंमत दुसऱ्या दिवशी मोजावी लागत नाही; छळात नियम एकाचे असतात आणि ते मोडल्याची शिक्षा दुसरीला होते. जी स्त्री दाराशी पावले वाजताच मुलांना गप्प करते, पगार हातात पडताच तो काढून देते, माहेरी फोन करताना नवऱ्याला किंवा सासूला ऐकू जाईल असाच करते आणि ‘त्यांना आवडत नाही’ या कारणास्तव एकेक मैत्रीण तोडत जाते, तिच्या अंगावर एकही वळ नसला तरी ती छळात जगत असू शकते.

ओळखण्यातील आणखी एक अडचण म्हणजे छळ करणारा माणूस सदासर्वकाळ क्रूर नसतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये हिंसेचे चक्र वर्णिले: आधी ताण साचत जातो, मग उद्रेक होतो, आणि त्यानंतर पश्चात्ताप, भेटवस्तू व शपथांचा काळ येतो. प्रत्येक घरात हे चक्र याच क्रमाने फिरते असे नाही, आणि अनेक ठिकाणी पश्चात्तापाचा टप्पा येतच नाही. परंतु ‘तो मनाने वाईट नाही’ हे स्त्रीचे म्हणणे आणि ‘तो मारतो’ ही तिची तक्रार एकाच वेळी खरी कशी असू शकते, हे या वर्णनावरून समजते. बैठकीतले वडीलधारे नेमक्या शपथांच्या काळात जमतात आणि त्या काळातला नवरा पाहून निकाल देतात, म्हणून त्यांचा निकाल चुकतो.

घरची गोष्ट घरातच राहावी आणि तिच्यासाठी संस्था, आश्रयगृहे व कायदे काढणे हे पाश्चात्त्य अनुकरण आहे, हे दुसरे विधान इतिहासाला धरून नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते बहुधा आप्तांकडूनच फसवल्या गेलेल्या आणि गरोदर राहिल्यावर वाऱ्यावर सोडलेल्या विधवांसाठी होते. स्त्रियांनाच दोष देणाऱ्या समाजाला जाब विचारणारे ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदायला जाण्यास नकार दिला, तेव्हा १८८४ साली सुरू झालेल्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १८८७ मध्ये त्यांना नांदायला जा, नाहीतर तुरुंगवास पत्करा, असे बजावले, आणि त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पंडिता रमाबाईंचे विधवांसाठीचे शारदासदन १८८९ मध्ये मुंबईत उघडले. पुढे १९८२ मध्ये विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात नारी समता मंच स्थापला, तर १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या आवारात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. उंबऱ्याबाहेरच्या आधाराची ही परंपरा इथल्याच मातीतली आहे. तिला परकी म्हणणारे स्वतःचा इतिहास अर्धाच वाचतात.

‘मग राहिली कशाला’ हा तिसरा आक्षेप प्रश्नाच्या रूपात येतो, पण त्यात निकाल आधीच दिलेला असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी देशात २९ टक्क्यांहून अधिक, तर महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के स्त्रियांनी पतीकडून झालेली हिंसा सांगितली. याच पाहणीनुसार देशात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली आणि तीन-चतुर्थांशांहून अधिक स्त्रियांनी ती गोष्ट कोणालाही सांगितली नाही. या मौनाची कारणे स्त्रीच्या स्वभावात शोधण्यापेक्षा तिच्या परिस्थितीत शोधली तर लगेच सापडतात. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असते, हाताशी स्वतःची कमाई नसते, माहेरी भावाचा संसार असतो, धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे असते आणि ‘टाकलेली’ हा शिक्का आयुष्यभर पुसत नाही. यांत आणखी एक कारण बैठकीत कोणी उच्चारत नाही, ते असे की घर सोडण्याचा काळ हाच अनेकदा सर्वांत धोक्याचा असतो, कारण ताबा सुटतो आहे हे दिसताच छळ करणाऱ्याची हिंसा वाढते. गळा आवळणे, जीवे मारण्याची धमकी, पाळत ठेवणे या खुणा जेथे दिसतात तेथे धोका प्राणांतिक समजला पाहिजे. अशा स्थितीत राहणारी स्त्री पुष्कळदा संमती देत नसते, जिवाचा हिशोब करत असते.

चौथा आक्षेप कायद्याच्या गैरवापराचा आहे, आणि त्याला साफ खोटे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. पती व सासरच्यांच्या क्रूरतेविरुद्ध १९८३ मध्ये आलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८अ खालील (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमे ८५ व ८६) काही तक्रारींत दूरचे नातेवाईकही गोवले गेले, हे न्यायालयांनीच नोंदवले आहे. त्यावर उपायही झाला: २०१४ च्या अर्नेशकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, आवश्यकता लेखी नोंदवूनच करावी, असा दंडक घातला. परंतु शिक्षेचे प्रमाण कमी आहे म्हणून तक्रारी खोट्या, हे अनुमान चुकीचे आहे. चार भिंतींआडच्या घटनेला साक्षीदार नसणे, खटला रेंगाळणे आणि मध्येच तडजोड होणे यांमुळेही आरोपी सुटतात. शिवाय गैरवापराची भीती बाळगणाऱ्यांनी २००५ च्या कायद्याचे स्वागत करायला हवे होते, कारण तो मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे. त्यात अर्ज केल्याबरोबर कोणी गजाआड जात नाही. स्त्रीला घरात राहण्याचा हक्क, संरक्षण, निर्वाह, मुलांचा ताबा आणि भरपाई यांचे आदेश मिळतात, आणि संरक्षण आदेश मोडला तरच एक वर्षापर्यंतचा कारावास किंवा वीस हजार रुपयांपर्यंतचा दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असले तरी ते ‘सामायिक घर’, म्हणजे संसाराचे राहते घर, ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. पुरुष आणि वृद्धही छळाला बळी पडतात, हा याच आक्षेपाचा उपभाग खरा आहे. वर सांगितलेली भीतीची कसोटी त्यांनाही तितकीच लागू आहे, आणि ज्येष्ठांसाठी २००७ चा स्वतंत्र कायदा आहे. मात्र एकाच्या दुःखाचा दाखला दुसऱ्याची तक्रार बंद करण्यासाठी वापरणे हा न्याय नव्हे.

पाचव्या विधानात समुपदेशन आणि समेट यांची गल्लत आहे. २००५ च्या कायद्याखालील २००६ च्या नियमांत न्यायालयाने नेमलेल्या समुपदेशकासाठी घातलेल्या अटी या दृष्टीने वाचण्याजोग्या आहेत: समुपदेशनाचा रोख हिंसा पुन्हा होणार नाही ही हमी मिळवण्याकडे असावा, हिंसेचे समर्थन करण्याची मुभा प्रतिवादीला देऊ नये, आणि तडजोडीचे प्रयत्न पीडित स्त्रीची इच्छा असेल तरच सुरू करावेत. ‘तिने उलट उत्तर दिले म्हणून हात उचलला’ हे वाक्य बैठकीत युक्तिवाद म्हणून ऐकले जाते. नियमांनुसार त्याला तेथे जागाच नाही. भीती एका बाजूला असताना दोघांना समोरासमोर बसवून झालेला समेट हा धाकाखाली घेतलेला होकार असतो.

आता मंडनाचा भाग. आधार म्हणजे काय, हे चार गोष्टींत सांगता येते. पहिली गोष्ट विश्वास: पुरावा मागण्याआधी ऐकून घेणे, ‘तू काय केलेस’ असे न विचारणे आणि सांगितलेले सासरी किंवा माहेरी न पोहोचवणे. दुसरी गोष्ट सुरक्षा आराखडा, म्हणजे धोका वाढल्यास कोठे, कोणाकडे आणि काय घेऊन जायचे याची आधी केलेली तयारी. २००६ च्या नियमांत त्याचा नमुनाच जोडलेला आहे. आधार कार्ड, बँकेचे पासबुक, मुलांचे दाखले, नेहमीची औषधे आणि थोडे पैसे विश्वासू व्यक्तीकडे ठेवणे, शेजारणीशी खूण ठरवणे, फोनवर पाळत असल्यास दुसऱ्याच्या फोनवरून संपर्क करणे, हे त्याचे सामान्य घटक आहेत. तिसरी गोष्ट नोंद: जखमांची वैद्यकीय कागदपत्रे, धमक्यांचे संदेश, घटनांच्या तारखा. चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे निर्णय तिचाच राहू देणे. ‘आजच्या आज घर सोड’ हा हुकूमही ‘जमवून घे’ इतकाच तिच्या हातून निर्णय काढून घेतो. ती परत गेली तरी पुन्हा येण्याचे दार उघडे ठेवणे हे आधार देणाऱ्याचे काम आहे.

यासाठीची यंत्रणा कागदावर तरी उभी आहे. १८१ ही महिला मदतवाहिनी आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे. २०१५ पासून सुरू झालेल्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, वैद्यकीय, पोलिसी व कायदेशीर मदत आणि समुपदेशन एकाच छताखाली मिळते. २००५ च्या कायद्याखाली नेमलेला संरक्षण अधिकारी कौटुंबिक घटना अहवाल तयार करून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात या शतकाच्या आरंभी सुरू झालेल्या ‘दिलासा’ केंद्राने, नवऱ्याला किंवा सासूला बाहेर थांबवून स्त्रीला एकांतात विचारणे हेही वैद्यकीय कामच आहे, हे दाखवून दिले. उणिवा अर्थातच मोठ्या आहेत. अर्ज पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे २००५ चा कायदा सांगतो, पण कित्येक अर्ज वर्षानुवर्षे रेंगाळतात. अनेक पोलीस ठाण्यांत आजही अदखलपात्र नोंद करून स्त्रीला घरी पाठवले जाते. या उणिवांचा निष्कर्ष यंत्रणा सुधारण्याकडे न्यायला हवा. स्त्रीला पुन्हा बैठकीकडे वळवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

शेवटी एक कलम प्रत्येक वाचकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. २००५ च्या कायद्याच्या चौथ्या कलमानुसार हिंसा घडली आहे किंवा घडण्याची शक्यता आहे असे मानण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्भावनेने दिलेल्या अशा माहितीबद्दल तिच्यावर कोणतेही दायित्व येत नाही. म्हणून शेजारी, शिक्षक, डॉक्टर, आशाताई आणि बैठकीला बोलावलेले मामा-काका यांनी ‘आम्ही परक्याच्या घरात कसे पडावे’ ही सबब आता सोडावी. पुढच्या बैठकीत संसार कसा टिकेल हे विचारण्याआधी तिला घरात कोणाची भीती वाटते का, हे विचारावे, तेही तिला एकटीला. आणि उत्तर होकारार्थी आले, तर तिच्या इच्छेनुसार तिच्यासोबत संरक्षण अधिकाऱ्याच्या कार्यालयापर्यंत चालत जावे.